अमावस्येचा दर

लग्नपत्रिकेचा एक पुठ्ठा उरला होता, सोनेरी कडेचा.
त्याच्या कोऱ्या पाठीवर हेरंबने लिहिलं: जैसलमेर.
त्याखाली मी लिहिलं: अठरा हजार.
आणि दोन रेघा मारल्या.
गॅस एजन्सीत हिशेब लिहिते मी,
दोन रेघांच्या खाली काही लिहायचं नसतं.

तो अप्पा बळवंत चौकात दिवसभर
इतरांच्या पत्रिका जुळवतो.
‘सहकुटुंब सहपरिवार’ त्याच्या यंत्रात
कायमचं साठवलेलं आहे.
आम्ही दोघंच. परिवार म्हणाल तर
गॅलरीतली कोरफड,
तिला आठ दिवस पाणी नाही मिळालं तरी चालतं.

जेवणं उरकली की तो बोलत जातो,
मी वजा करत जाते.
एसीचा डबा वजा. स्लीपर, खालचा बर्थ त्याला,
त्याच्या गुडघ्याचा मान म्हणून.
जोधपूरला उतरून पुढे जी मिळेल ती बस.
बरोबर दशम्या, लसणाची चटणी,
उरलंच काही तर उंटाला घालू, तो म्हणाला.
किल्ल्यातली खोली नको.
किल्ल्याकडे तोंड असलेली चालेल.
तोंड नसलं तरी चालेल,
गच्ची असली म्हणजे झालं.

उंटापाशी अडलं.
एकट्याचा दर वेगळा, जोडीचा वेगळा.
‘दोन घेऊ,’ तो म्हणाला, ‘ऐटीत.’
‘एक.’
‘मग तुला मला धरून बसावं लागेल.’
सोळा वर्षं त्याच्या स्कूटरवर
मी मागची स्टेपनीच धरत आले,
मध्ये भाजीची पिशवी.
‘बसेन,’ म्हटलं,
आणि पुढचा आकडा बघायला लागले.

त्याचा मावसभाऊ, उंटावरचा शहाणा
(उंट न बघताच झालेला),
फोनवर म्हणाला, मे महिन्यात जा,
खोल्या निम्म्या दरात मिळतात.
मिळणारच.
मे महिन्यात आम्ही धायरीतच
वाळवंटाचं भाडं भरत असतो,
टँकरमागे इतके, घरटी वाटून,
आणि टाकीत पाणी चढलं की
बादल्या, पिंप, कुकर,
एकदा तर फुलदाणीसुद्धा.

म्हणजे थंडीच. तर थंडीत
पौर्णिमेला तंबूचं भाडं दीडपट.
वाळूवरचं चांदणं त्यांनी
दरपत्रकात वेगळं लावलंय.
हेरंब गप्प झाला.
पत्रिकेवर गणपती काढतात तेवढ्या जागेत
त्याने चंद्र आधीच काढून ठेवला होता.

मी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली,
दुधाच्या खाड्यांमधून बोट फिरवत गेले
कार्तिकापर्यंत. तिथे काळा ठिपका.
‘अमावस्येला जाऊ.’
‘आई काय म्हणेल? अमावस्येला कोणी
प्रवासाला निघतं का?’
‘नाही निघत. म्हणून तर स्वस्त.’
‘आणि दिसणार काय आपल्याला?’
‘तारे. ते दरपत्रकात नाहीत.
दोनदा बघितलं मी.’

त्याने चंद्र खोडला नाही.
पेन घेऊन तो आतून भरत बसला,
कडेबाहेर शाई जाऊ न देता,
एखाद्याच्या घराण्याचं नाव लावावं तसा, जपून.
मी त्याच्या मनगटाकडे बघत होते.
घड्याळाच्या पट्ट्याखाली एक पांढरा पट्टा आहे,
पूर्वीपासून असेल.

खाली टँकरने हॉर्न दिला.
या आठवड्यात व्हॉल्व्हची पाळी आमची.
तो बनियनवरच उतरला, टॉर्च घेऊन,
जिन्यात कोणाला तरी सांगताना ऐकू आला,
‘कार्तिकात नाहीये आम्ही.’

पुठ्ठा माझ्यासमोर राहिला.
अठरा हजार. दोन रेघा.
मी रेघांच्या खाली लिहिलं: उंट, एक.
मग उठून नळाखाली बादली लावली.
नळ आधी खाकरला,
नंतर नुसती हवा,
नंतर थोडं लालसर, वाळूसकट.
ते मी जाऊ दिलं नाही.
कोरफडीला ठेवलं.